सगळं विजेचं एका बॅगेत

लेकीनं आमच्यासाठी जहाजाच्या सहलीची तिकिटं काढली आणि घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात लेक आणि जहाजवाल्यांनी पाठवलेली यादी. दुसऱ्या पक्षात मी एकटी. माझे यजमान कुठल्याच पक्षात नव्हते. लेक पुण्याहून फोनवरून बोलायची, मी धुळ्याहून ओरडायचे आणि हे पलंगाच्या कडेला बसून आलटून पालटून दोघींकडे बघायचे.

सहल आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून. मुंबईहून निघायचं, समुद्रात तीन मुक्काम करायचे आणि परत मुंबईलाच यायचं. "मग जायचं कशाला?" असं मी विचारलं, तर लेक म्हणाली, "आई, तू फक्त बॅग भर." आता बॅग भरायला मला कोण शिकवणार? बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय मी. पन्नास-पन्नास पोरांची सहल काढली आणि एकाचाही डबा कधी मागं राहिला नाही. पण ती यादी आली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

यादी विजेच्या वस्तूंची होती. काय चालेल आणि काय चालणार नाही. इस्त्री चालणार नाही. पाणी तापवायचा रॉड नाही, किटली नाही, शेगडी नाही, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. थोडक्यात, जे जे गरम होतं ते नाही आणि ज्याला चार पिना लावता येतात तेही नाही. मोबाइलचा चार्जर चालेल, दाढीचा ट्रिमर चालेल, आजारी माणसाला लागणारी मशीनं चालतील. "म्हणजे माणसानं चुरगाळलेले कपडे घालून गार पाण्यानं अंघोळ करायची, असंच ना?" मी म्हटलं. लेक म्हणाली, "आई, तिथं नळाला चोवीस तास गरम पाणी असतं." चोवीस तास! हे असले शब्द मी फार ऐकले आहेत. आमच्याकडे जे चोवीस तास असतं असं सांगतात, ते नेमकं पाहुणे आले की जातं.

पण आजारी माणसाच्या मशीनांबद्दल आधी सांगायला हवं, कारण सगळं तिथंच आहे.

तुम्ही कधी धुळ्याच्या बसस्थानकावर गाडीची वाट बघत उभे राहिला असाल, तर माझ्या नवऱ्याचा आवाज तुम्ही ऐकला आहे. हे मी तोऱ्यातच सांगते, आणि का सांगू नये? हे तिथं वाहतूक नियंत्रक होते. लोक कंट्रोलर म्हणतात. 'सोनगीर, नरडाणामार्गे शिरपूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुकवर लागत आहे.' हे त्यांच्या तोंडून निघालं की गर्दी आपोआप त्या फलाटाकडे वळायची. खणखणीत आवाज, एकही अक्षर गिळायचे नाहीत. माझे आबा मुक्ताईनगरहून मला भेटायला यायचे, तेव्हा गाडीतून उतरून अर्धा तास स्थानकावरच बसून राहायचे. मी विचारलं, "आबा, जावयाला भेटलात का?" तर म्हणायचे, "भेटायचं काय त्यात, ऐकलं की." मला मनातून इतकं भारी वाटायचं की काय सांगू.

निवृत्तीनंतर वर्षभरात यांचा घसा बसला तो बसलाच. तपासण्या झाल्या. कर्करोग निघाला आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. आता हे गळ्याला खाली जे छिद्र आहे त्यातून श्वास घेतात. त्यावर बांधायला मी पांढऱ्या सुताची विणलेली फडकी केली आहेत, रोज एक धुतलेलं. बोलायला एक मशीन आहे, छोट्या टॉर्चएवढं. ते गळ्याच्या डाव्या बाजूला एका ठरावीक जागी टेकवायचं, बटण दाबायचं आणि तोंडानं शब्द करायचे. आवाज येतो, पण तो एकाच पट्टीतला, भुणभुणल्यासारखा. राग असो की लाड, पट्टी तीच. पहिल्या दिवशी त्यांनी त्यातून मला "बाई" अशी हाक मारली. शाळेमुळं ते मला घरातही बाईच म्हणतात. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग बाहेर येऊन म्हटलं, "परत म्हणा." लोकांना म्हणे ते मशीन जमायला महिनेच्या महिने लागतात. यांनी पंधरा दिवसांत जमवलं. शिकवणाऱ्या ताईसुद्धा चकित झाल्या. नवरा कुणाचा आहे!

मग एक दिवस यांनी जुन्या सोबत्याला फोन लावला. त्याला वाटलं कुठल्या तरी कंपनीचा रेकॉर्ड केलेला फोन आहे. त्यानं कापला. यांनी परत लावला, त्यानं परत कापला. यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, आणि त्यानंतर हळूहळू घराबाहेर मशीनचं बटण दाबेनासे झाले. घरात बोलायचे, तेही कामापुरतं. दुकानात, दवाखान्यात, नात्यात कुणी यांना काही विचारलं की मीच उत्तर द्यायची. "त्यांना लाज वाटते हो," असं मी बठ्ठ्यांना सांगून ठेवलं होतं. बठ्ठ्यांना म्हणजे सगळ्यांना. हा यांच्याकडचा शब्द, चाळीस वर्षांत माझ्याही तोंडात बसला. आणि खरं सांगते, मला त्या गोष्टीचाही अभिमान होता. यांचा आवाज गेला, पण मी आहे ना! माझा आवाज काही कमी नाही.

तरी माझी एक इच्छा होती. ती मी देवापुढंही बोलून दाखवली होती. त्या जहाजावर आम्हाला ओळखणारं कुणी नसणार. तिथं तरी यांनी परक्या माणसाशी स्वतःच्या तोंडानं दोन वाक्यं बोलावीत. जहाजावर नाच आहे, गाणी आहेत, पोहायचा तलाव आहे, त्यातलं काही मला नको होतं. तलाव तर यांना चालणारच नाही, गळ्यात पाणी गेलं तर जिवावर बेतेल. मला ती दोन वाक्यं हवी होती.

निघायच्या दोन दिवस आधी मी पलंगावर सगळं विजेचं सामान मांडलं आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावला. ती एकेक वस्तू बघून होय-नाही म्हणायला लागली. दाढीचा ट्रिमर, होय. यांना पात्याची दाढी आता चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर गळ्याची कातडी बधिर झालीय, कापलं तरी कळत नाही. आणि मशीन टेकवायची ती जागा अगदी गुळगुळीत लागते, खुंट राहिले की आवाज घोगरा होतो. एक दिवसाआड मी यांना खुर्चीत बसवते, मान वर करायला लावते आणि तेवढा रुपयाएवढा भाग स्वतः साफ करते. वाफेचं मशीन, होय. गळ्याचं छिद्र कोरडं पडलं की खोकला सुटतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ त्यात मिठाचं औषधी पाणी घालून वाफ द्यावी लागते. बोलायचं मशीन आणि त्याचा चार्जर, होय, होय, होय. इथं लेक तीनदा म्हणाली. बीपीचं मशीन होय. केस वाळवायचं मशीन आमच्याकडे नाहीच. इस्त्री, नाही.

"अगं, यांचे पांढरे शर्ट!" मी म्हटलं.

"आई, तिथं धोबी आहे."

रॉड, नाही. बोर्ड, नाही.

बोर्डावर मात्र माझा आवाज चढला. तो बोर्ड साधा नाही. यांनी स्वतः बनवलेला आहे. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा पलंगापाशी एकच सॉकेट आणि मशीनं तीन. गळ्याला टाके होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता, तरी यांनी सनमायकाच्या तुकड्यावर तीन सॉकेट, तीन बटणं, एक फ्यूज आणि एक लाल दिवा बसवून बोर्ड केला. जोडांवर काळी टेप गुंडाळली, शिवणीच्या टाक्यांसारखी सारखी. आज इतके दिवस झाले, एकदा ठिणगी उडाली नाही. "बाबांच्या हाताचं आहे ते," मी म्हटलं. लेक म्हणाली, "म्हणूनच घरी ठेव. सांभाळून ठेव. आणि आई, मशीन, चार्जर, औषधं हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत नाही. मोठ्या बॅगा ते लोक बंदरावरच घेतात आणि नंतर खोलीशी आणून देतात. कळलं का?"

"कळलं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

कळलं होतंच. पण पटलं नव्हतं. माझी सवय अशी की एका जातीच्या वस्तू एका जागी. शाळेत खडू खडूंच्या डब्यात, नकाशे नकाशांच्या कपाटात. निम्मी मशीनं हातात आणि निम्मी बॅगेत, हे म्हणजे हरवायची सोय. मी यांची निळी बॅग घेतली आणि सगळं विजेचं त्या एका बॅगेत भरलं. ट्रिमर, वाफेचं मशीन, बीपीचं मशीन, बोलायच्या मशीनचा चार्जर. बोलायचं मशीन तेवढं यांच्या सदऱ्याच्या खिशात राहिलं. मग दाराकडं बघितलं, हे अंगणात होते. मी रॉड टॉवेलात गुंडाळून तळाशी सरकवला आणि त्याच्यावर बोर्ड. कुणाच्या बापाला कळणार नाही, असं मला वाटलं होतं.

आदल्या दिवशी आम्ही मुंबईला येऊन एका लॉजवर उतरलो. खोलीत चालू सॉकेट एकच होतं. यांनी मशीन काढून मला दाखवलं. बॅटरी जुनी झालीय, रोज चार्ज करावी लागते. पण चार्जर तळाशी, बॅग दोरीनं बांधलेली, वर जहाजवाल्यांचं लेबल चिकटवलेलं. मी म्हटलं, "अहो, उद्या जहाजावर करू की. तिथं काय लाईट जाणारे का?" आणि त्या सॉकेटात माझा मोबाइल लावला. हे लिहितानासुद्धा माझे कान गरम होताहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाजावर चढलो. बंदरावर बॅगा घेतल्या, चढताना आमची तपासणी झाली, खोली मिळाली. खोली बघून माझा जीव सुखावला. पांढऱ्याशुभ्र चादरी आणि खिडकीत सरळ समुद्र. न्हाणीघरात जाऊन मी नळ सोडला तर खरंच कढत पाणी आलं. चरफडतच बंद केला. टेबलावर दोन सॉकेट होती, पलंगापाशी एकही नाही. "बघा! म्हणून मी..." असं म्हणून मी जीभ चावली. बोर्डाचं यांना अजून माहीत नव्हतं.

माझी बॅग दाराशी आली. यांची आली नाही. शेजारच्या, समोरच्या, सगळ्या दारांपुढच्या बॅगा आल्या. तास झाला. यांनी मशीन गळ्याला लावून विचारलं, "मनी बॅग?" माझी बॅग. तेवढ्या दोन शब्दांवर मशीनचा लाल दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकला म्हणजे आता काही मिनिटांचंच बोलणं उरलं. चार्जर नाही म्हणजे तीन दिवस यांच्या तोंडून एक अक्षर नाही. आणि मी काय मागितलं होतं देवाकडं? दोन वाक्यं! दोन वाक्यं मागायची आणि स्वतःच्या हातानं चार्जर घालवायचा. माझ्यासारखी शहाणी मीच.

खोलीतला फोन उचलला. पलीकडच्या माणसानं सांगितलं, बॅग सुरक्षावाल्यांकडे अडवून ठेवलीय, येऊन उघडून दाखवा. मी यांना म्हटलं, "तुम्ही मशीन अजिबात काढू नका. चार्जिंग वाचवा. मी बोलते सगळं." यांनी मान हलवली नाही, नुसतं बघितलं.

खाली एका लांबट खोलीत टेबलं मांडलेली होती आणि त्यांवर लोकांच्या जप्त वस्तू. इस्त्र्या, किटल्या, एक सँडविचचं मशीन आणि रॉड तर ओळीनं. ते बघून मला जरा धीर आला, शहाणी मी एकटीच नव्हते. आमच्या बॅगेपाशी गणवेशातली एक तरुण अधिकारी बाई उभी होती. तिनं बॅग उघडायला लावली, टॉवेल सोडला, रॉड बाजूला ठेवला आणि बोर्ड दोन बोटांनी असा उचलला की जणू त्याला हात लावायचीही भीती वाटावी. काळी टेप, लाल दिवा, वायरींचं भेंडोळं.

"ये क्या है?" तिनं विचारलं.

आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. माझं हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेलं. मी तिला धुळ्यापासून सांगायला सुरुवात केली. दवाखाना सांगितला, पलंगापाशी एकच सॉकेट कसं ते सांगितलं, लेक ऐकत नाही तेही सांगितलं. ती मधे मधे "मॅडम, मॅडम" करत होती. मी थांबेन तर ना! शेवटी तिनं आणखी एका अधिकाऱ्याला हाक मारली. तो आला, त्यानं बोर्ड उलटा केला आणि फ्यूजकडं बोट दाखवून विचारलं, "ये किसने बनाया?"

मी घाबरले. "दुकान से लिया," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला माझ्याच शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखं झालं.

अधिकारी बाईनं बॅगेवरचं लेबल वाचलं आणि ह्यांना विचारलं, "बैग आपका है, सर?"

"ये नहीं बोलते," मी म्हटलं.

टेबलावर टकटक झाली. यांनी बोटानं टेबल वाजवलं होतं. दुसऱ्या हातानं खिशातून मशीन काढलं. मी दंड धरला. "अहो, संपेल ते! राहू द्या ना, मी सांगतेय ना!" यांनी माझा हात अलगद सोडवला, मशीन गळ्याला टेकवलं आणि म्हणाले, "मी सांगस." मी सांगतो.

मग सरळ उभे राहिले आणि त्या दोघांकडं बघून बोलले. "बैग मेरी है. बैग मेरी है."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. कंट्रोलर माणूस कुठलीही गोष्ट एकदा सांगत नाही. यांनी मला फार पूर्वी समजावलं होतं : पहिल्यांदा बोललं की गर्दीला फक्त कळतं, कुणीतरी बोलतंय. काय बोलतंय ते दुसऱ्यांदा कळतं. म्हणून गाडी नेहमी दोनदा सांगायची. नोकरीभर ते असंच बोलले. पण त्या दिवशी मशीनचा दिवा लुकलुकत होता, बोलण्याचे थेंब थेंब उरले होते, आणि हा माणूस प्रत्येक वाक्य दोनदा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "एकदाच बोला हो, एकदाच!" मी कुजबुजले. ऐकतो कोण.

पहिल्या वाक्याला अधिकारी बाई दचकली होती. दुसऱ्यांदा तेच आलं तेव्हा ती पुढं झुकली आणि ऐकायला लागली. यांनी बोर्डावर हात ठेवला. "ये मैंने बनाया. ये मैंने बनाया." मग एकेक वस्तू उचलून टेबलावर दोन बाजूंना ठेवायला लागले. रॉड डावीकडं : "ये नहीं चलता. रख लो." हे दोनदा. बोर्ड डावीकडं. ट्रिमर उजवीकडं, बीपीचं मशीन उजवीकडं. वाफेचं मशीन उचलून गळ्यावरचं फडकं बाजूला केलं आणि ते छिद्र दाखवलं. मी दोन वर्षं जे फडक्याखाली झाकत आले, ते त्यांनी दोन परक्या माणसांना सरळ दाखवलं. "इसके लिए."

शेवटी चार्जर उचलला. "ये मेरी आवाज़ का चार्जर है," ते म्हणाले. एक श्वास घेतला. "ये मेरी आवाज़ का चार्जर है."

तो दुसरा अधिकारी, त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. भुणभुणत्या आवाजात का असेना, पण तोच माणूस बोलत होता. एकही अक्षर गिळत नव्हता. मला वाटलं, आबा आज इथं खुर्ची टाकून बसायला हवे होते.

अधिकारी बाई म्हणाली, "सर, बोर्ड अच्छा बनाया है. लेकिन जहाज़ पर नहीं चलेगा."

झालं, आता चला, असं मला वाटलं. तर हे विचारतात, "क्यों?" चार्जिंग संपत आलंय आणि यांना कारण हवंय! मग तिनंही नीट सांगितलं. जहाजाची वायरिंग घरासारखी नसते. बाहेरचा बोर्ड तापला, जोड ढिला पडला तर आग लागते आणि समुद्रात आग लागली तर माणसं पळणार कुठं. ती हे सगळं यांच्या तोंडाकडं बघून सांगत होती. दोन वर्षांत लोक प्रश्न यांचा असला तरी माझ्याकडं बघून बोलायचे. डॉक्टरसुद्धा. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बराबर." नियमाचं कारण कळलं की ह्यांना तो नियम पटतो, जन्म त्यातच गेला. तिनं बोर्डाची आणि रॉडची पावती लिहून यांच्या हातात दिली, उतरताना दोन्ही परत मिळतील म्हणाली, आणि उजवीकडच्या वस्तू आम्ही बॅगेत भरल्या.

बाहेर बोळात आल्यावर मी म्हटलं, "अहो, किती छान बोललात! आता बोलू नका, खोलीत जाऊन आधी चार्जिंगला लावू." पण यांनी थांबून भिंतीला पाठ टेकली आणि मशीन परत गळ्याला लावलं.

"दोन वरीस मी गप्प ऱ्हायनू, कारन..."

मशीन बंद पडलं. यांचे ओठ हलले आणि मिटले.

दोन वर्षं गप्प राहिलो, कारण. कारण काय? मला माहीत होतं ना! लाज वाटते. लोक बघतात. सोबत्यानं फोन कापला. वाक्य पुरं करायला माझ्या जिभेवर तीन शेवट तयार होते आणि त्यातला एक मी बोलायला तोंडही उघडलं. यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसते वाट बघत होते, आता मी काय बोलते त्याची. आणि माझं तोंड आपोआप मिटलं. का ते मला तेव्हा कळलं नाही.

खोलीत आलो. मी चार्जर टेबलावरच्या सॉकेटात लावला, मशीन त्यात ठेवलं. पूर्ण व्हायला दोन तास लागतात. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. हे खिडकीतून समुद्र बघत बसले. मी एक शब्द बोलले नाही, हे सांगितलं तर आमच्या गल्लीत कुणाला पटायचं नाही. जीभ नुसती वळवळत होती. यांना वही आणून देऊ का, लिहा म्हणू का, असंही मनात आलं. नाही दिली. ज्याचं वाक्य त्यानंच पुरं करायचं, असं मी स्वतःला बजावत राहिले. पोरांना मी हेच सांगायचे की, दुसऱ्याचं उत्तर सांगू नका रे. बत्तीस वर्षं सांगितलं.

हिरवा दिवा लागला. मी मशीन काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी शांतपणे ते गळ्याच्या त्या साफ जागेवर टेकवलं.

"तू माले बोलू देस कोठे?" ते म्हणाले.

तू मला बोलू देतेस कुठं.

आणि मग, सवयीनं, परत एकदा. "तू माले बोलू देस कोठे?"

"एकदा बोलला असता तरी कळलं असतं," मी म्हटलं, आणि हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले. सगळ्या गावाला मी सांगत सुटले होते की यांना लाज वाटते. ह्या माणसाला कसलीच लाज नव्हती. मशीन खिशातून काढायला, जागा शोधायला, बटण दाबायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मी उत्तर देऊन मोकळी झालेली असायची. मग काढायचं कशाला? म्हणून ते काढेनासे झाले. एवढंच होतं. मी त्यांचे पाय धरायला गेले तर त्यांनी डोक्यावर टपली मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर इंदूरचं एक जोडपं आमच्यासमोर येऊन बसलं. बोलकी माणसं. नमस्कार-चमत्कार झाले. त्यातल्या गृहस्थांनी यांच्या गळ्यावरच्या फडक्याकडं बघितलं आणि लोक करतात तसं मलाच विचारलं, "भाईसाहब क्या करते थे?"

मी समोरची अख्खी इडली उचलून तोंडात कोंबली.

खिशातून मशीन निघालं. जागेवर टेकलं. इंदूरची दोघं थांबून राहिली, मीही राहिले. तो वेळ मला वाटायचा तेवढा मोठा नसतोच. "कंट्रोलर था," हे म्हणाले. "धुलिया बस स्टैंड." मग दोनदा सांगितलं, मग गाड्या सांगितल्या, मग इंदूरची गाडी किती वाजता सुटायची ते सांगितलं आणि त्या गृहस्थांनी टेबलावर हात मारला. ते कॉलेजात असताना त्याच गाडीनं जायचे. पंधरा-वीस मिनिटं हे बोलत होते. माझी छाती अशी फुगली होती की साडीची पिन तुटते की काय.

"और भाभीजी?" त्या बाईंनी विचारलं. तेही त्यांनी यांनाच विचारलं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे मिचकावले.

"टीचर थी," ते म्हणाले. "अब सुनना सीख रही है."

सगळं टेबल हसलं. माझं तोंड भरलेलं होतं. नसतं तरी मी काही बोलले नसते.